पारदर्शकता दिसली, विलंब दिसला नाही: रुबिडियमच्या बाष्पातील एका प्रयोगाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातील एका संशोधन प्रयोगशाळेत काही वर्षांपूर्वी घडले. संबंधितांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत आणि माणसांचा उल्लेख विद्यार्थिनी, मार्गदर्शक, तंत्रज्ञ असा त्यांच्या कामावरूनच केला आहे. विद्यार्थिनीच्या संशोधन सल्लागार समितीवर मी बाहेरचा सदस्य होतो. त्या नात्याने तिच्या नोंदवह्या, ऑसिलोस्कोपवरून जतन केलेल्या नोंदी आणि मांडणीचे आराखडे मला पाहता आले. प्रामाणिकपणे काम करणाऱ्या माणसांच्या हातून, भरपूर मोजमापे समोर असतानाही, एखादा निष्कर्ष चुकीच्या कारणाशी कसा जोडला जातो, हे या प्रकरणातून जितके स्पष्ट दिसते तितके मी क्वचितच पाहिले आहे.

प्रबंधाचा विषय होता स्वप्रेरित पारदर्शकता. शोषक माध्यमातून प्रकाश जाताना प्रत्येक थर आपल्यापर्यंत पोहोचलेल्या प्रकाशाचा ठरावीक हिस्सा शोषतो आणि तीव्रता घातांकी रीतीने घटत जाते, हा बीअरचा नियम पदवीच्या वर्गात सगळेच शिकतात. बर्कली येथील सॅम्युएल मॅक्कॉल आणि एर्विन हान यांनी १९६७ मध्ये या नियमाला छेद देणारी एक गोष्ट दाखवली. अणूंच्या संक्रमणाशी, म्हणजे त्यांच्या दोन ऊर्जापातळ्यांमधल्या उडीशी, अचूक अनुनाद (वारंवारतेचा मेळ) साधणारा प्रकाशाचा स्पंद (पल्स) पुरेसा आखूड आणि पुरेसा प्रबळ असेल, तर तो शोषक माध्यमातून जवळजवळ ऊर्जा न गमावता पार जातो. स्पंदाचा पुढचा भाग अणूंना उत्तेजित पातळीवर नेतो आणि मागचा भाग त्याच अणूंना उद्दीपित उत्सर्जनाने खाली आणून दिलेली ऊर्जा परत घेतो. ऊर्जा काही काळ अणूंकडे राहिल्यामुळे स्पंद पोहोचतो मात्र उशिरा. हान यांनी १९५० मध्येच चुंबकीय अनुनादातील स्पिन प्रतिध्वनी शोधला होता, आणि अणूंच्या अवस्थेकडे फिरणाऱ्या सदिशासारखे पाहण्याची दृष्टी तिथूनच प्रकाशाच्या क्षेत्रात आली.

या विषयातील मध्यवर्ती राशी म्हणजे स्पंदाचे क्षेत्रफळ: विद्युतक्षेत्राचा काळावरचा संकल (इंटिग्रल), अणूच्या द्विध्रुव आघूर्णाने (प्रकाशाशी त्याची जोडणी किती बळकट आहे, त्या मापाने) गुणलेला आणि प्लांकच्या लघुस्थिरांकाने भागलेला. ही राशी कोनात मोजतात, कारण स्पंद गेल्यावर अणूची अवस्था किती फिरली हेच ती सांगते. १८० अंशांचा स्पंद अणूला पूर्ण उत्तेजित करून सोडतो, ३६० अंशांचा स्पंद त्याला परत मूळ पातळीवर आणून ठेवतो. मॅक्कॉल आणि हान यांच्या क्षेत्रफळाच्या प्रमेयानुसार माध्यमात पुढे जाताना क्षेत्रफळातील बदल त्या कोनाच्या साइनवर अवलंबून असतो. म्हणून १८० अंशांखालचा स्पंद शून्याकडे घसरत जातो, तर १८० ते ५४० अंशांमधला कोणताही स्पंद ३६० अंशांकडे सरकतो आणि तिथे स्थिरावतो. इथे एक सावधगिरी हवी. प्रमेय क्षेत्रफळाविषयी बोलते, ऊर्जेविषयी नाही. क्षेत्रफळ शून्य असलेला, म्हणजे मध्येच कला (तरंगाची फेज) उलटणारा स्पंद ऊर्जा घेऊन बराच आत जाऊ शकतो. त्यामुळे बाहेर किती ऊर्जा आली, एवढ्याच मोजमापावर या विषयात काहीही ठरवता येत नाही.

१९७२ मध्ये स्लशर आणि गिब्ज यांनी रुबिडियम या धातूच्या बाष्पात हे प्रयोग अतिशय काटेकोरपणे केले. पाऱ्याच्या लेझरशी रुबिडियमची रेषा जुळवण्यासाठी त्यांनी प्रबळ चुंबकीय क्षेत्र वापरले, आणि त्याच क्षेत्रामुळे एकच संक्रमण बाकीच्यांपासून वेगळेही झाले. आज रुबिडियमच्या तरंगलांबीचे डायोड लेझर सहज मिळतात आणि रुबिडियमची काचेची नळी टेबलावर मावते, त्यामुळे हा प्रयोग पुन्हा करावासा वाटणे स्वाभाविक आहे. स्लशर आणि गिब्ज यांना जे चुंबकीय क्षेत्रामुळे मिळाले, ते आपल्याकडे नाही, याचा विसर पडण्याचा धोकाही तितकाच स्वाभाविक आहे.

प्रयोगशाळेत ७८० नॅनोमीटरचा लेझर आधीपासून होता. रुबिडियमच्या डी-२ रेषेवर, म्हणजे त्याच्या एका ठळक शोषणरेषेवर, तो स्थिर केलेला होता आणि इतर प्रयोगांसाठी वापरातही होता. त्याच्यापुढे लिथियम नायोबेटचा, फायबरने जोडलेला विद्युत-प्रकाशीय मॉड्युलेटर (विद्युतदाबाने प्रकाश उघड-बंद करणारे उपकरण) लावून सुमारे २ नॅनोसेकंदांचे स्पंद तयार केले गेले. डी-२ च्या उत्तेजित पातळीचे आयुष्य सुमारे २६ नॅनोसेकंद असल्याने स्पंद पुरेसे आखूड होते. बाष्पाची नळी साडेसात सेंटिमीटर लांबीची, नैसर्गिक रुबिडियमची, म्हणजे सुमारे ७२ टक्के रुबिडियम-८५ आणि २८ टक्के रुबिडियम-८७ असलेली होती. ती ४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली होती. किरणशलाकेची त्रिज्या सुमारे ०.१५ मिलिमीटर होती, आणि या मापाला ३६० अंशांच्या स्पंदासाठी शिखरशक्ती ४ मिलिवॅटच्या आसपास लागते. कागदावर सगळे जुळत होते.

समस्या

उन्हाळ्याच्या सुरुवातीला विद्यार्थिनीला हवा तो आलेख मिळाला. क्षीण स्पंदांपैकी जेमतेम २ टक्के ऊर्जा नळीच्या पलीकडे पोहोचत होती, आणि शक्ती वाढवत नेली की हेच प्रमाण ६५ टक्क्यांपर्यंत चढत होते. शक्ती कमी-जास्त करण्यासाठी ती मॉड्युलेटर आणि नळी यांच्या मध्ये एनडी फिल्टर (प्रकाश ठरावीक प्रमाणात मंद करणारी काच) बदलत असे. ही सर्रास वापरली जाणारी, अगदी सरळ पद्धत आहे. एका राष्ट्रीय परिसंवादासाठी सारांश पाठवण्याची मुदत जवळ आली होती, आणि स्वप्रेरित पारदर्शकतेचे निरीक्षण अशा शीर्षकाचा मसुदा तयार झाला.

समितीच्या बैठकीत हा आलेख समोर आला तेव्हा माझा पहिला प्रश्न विलंबाचा होता. क्षीण स्पंदाची २ टक्के पारगमता (पार जाणाऱ्या ऊर्जेचे प्रमाण) म्हणजे शोषणाचा घातांक सुमारे ४. घंटेसारख्या, अतिपरवलयी सेकंट आकाराच्या स्पंदाला अशा माध्यमात जो विलंब व्हायला हवा, तो या आकड्यांवरून सव्वादोन नॅनोसेकंदांच्या आसपास येतो, म्हणजे स्पंदाच्या स्वतःच्या रुंदीहून थोडा जास्तच. लेझर अनुनादापासून दूर नेऊन घेतलेला संदर्भस्पंद आणि अनुनादावरचा स्पंद एकावर एक ठेवले, तर हा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसला असता. विद्यार्थिनीने दोन्ही नोंदी पडद्यावर लावल्या. दोन शिखरांमधले अंतर ०.३ नॅनोसेकंदांहूनही कमी होते. स्पंदाचा आकारही बदललेला नव्हता, तो फक्त लहान झाला होता.

आणखी एक गोष्ट खटकत होती. प्रमेयानुसार १८० अंशांच्या आसपास पारगमतेच्या आलेखात स्पष्ट वळण यायला हवे: त्याखाली जवळजवळ सगळे गिळले जाते, त्यावर जवळजवळ सगळे पार होते. तिचा आलेख मात्र तळापासून वरपर्यंत एकसारखा, गुळगुळीत चढत होता.

मार्गदर्शकांनी या दोन्हींचे स्पष्टीकरण दिले आणि ते उडवून लावण्यासारखे नव्हते. डी-२ रेषेत अनेक अतिसूक्ष्म (अगदी जवळजवळच्या उपपातळ्यांमधली) संक्रमणे डॉप्लर रुंदीखाली, म्हणजे अणूंच्या गतीमुळे रेषेला येणाऱ्या रुंदीखाली, दबलेली असतात. सामान्य तापमानाला ही रुंदी सुमारे ५०० मेगाहर्ट्झ असते, आणि रुबिडियम-८५ च्या उत्तेजित पातळ्या त्याहून खूपच जवळजवळ असतात. प्रत्येक संक्रमणाचे द्विध्रुव आघूर्ण वेगळे, त्यामुळे एकाच स्पंदाचे क्षेत्रफळ वेगवेगळ्या अणूंसाठी वेगवेगळे. वळण पुसट होणार आणि विलंबही विस्कटणार. शिवाय शलाकेच्या मध्याशी तीव्रता जास्त आणि कडेला कमी असते, म्हणून मध्यावर ३६० अंश असतील तर कडेला १००ही नसतील. हे सगळे खरे आहे. पण या कारणांनी विलंब कमी होईल, तो जवळजवळ नाहीसा होण्याचे कारण त्यात सापडत नाही.

पारदर्शकतेची दुसरी दोन कारणे सर्वांच्या मनात होती. एक साधी संपृक्तता, ज्यात निम्मे अणू उत्तेजित होऊन शोषण थांबते. दुसरे प्रकाशीय पंपिंग, ज्यात अणू दोन-तीन फोटॉन गिळून मूळ पातळीच्या दुसऱ्या अतिसूक्ष्म शाखेत जाऊन पडतात आणि लेझरच्या दृष्टीने नाहीसेच होतात. रुबिडियम-८५ मध्ये या दोन शाखांत सुमारे ३ गिगाहर्ट्झचे अंतर आहे, त्यामुळे लेझर त्यांना पुन्हा गाठू शकत नाही. विद्यार्थिनीने पंपिंगची शक्यता तपासलीही होती. आधीच्या स्पंदाने पंप झालेले अणू पुढच्या स्पंदाच्या वेळी शलाकेत शिल्लक असतील, तर स्पंदांमधले अंतर वाढवल्यावर पारदर्शकता घटली पाहिजे, असा तिचा तर्क होता. तिने पुनरावृत्तीची वारंवारता दहापट कमी केली. पारगमता जागची हलली नाही. या चाचणीवर विसंबून पंपिंगची शक्यता वहीत खोडली गेली, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच होता. चाचणी योग्य होती, पण तिने शंकेचा एकच मार्ग बंद केला होता. अणू स्पंदांनीच पंप होत असतील, एवढेच गृहीत धरलेले होते.

विचारात घेतलेले पर्याय

बैठकीनंतर मार्गदर्शक, विद्यार्थिनी आणि मी बराच वेळ बोललो. पहिला पर्याय मार्गदर्शकांनीच मांडला: मुदत पाळावी, सारांश पाठवावा, पण स्वप्रेरित पारदर्शकता या शब्दांऐवजी अनुनादी बाष्पातील अरेषीय पारगमन असे काही म्हणावे. त्यात असत्य काही नव्हते. विद्यार्थिनीच्या प्रगती अहवालाला त्या परिसंवादाची गरज होती, शिष्यवृत्तीची मुदत पुढे दिसत होती, आणि या गोष्टी तिच्या आयुष्यात खऱ्या होत्या, त्यांना क्षुल्लक मानण्याचा हक्क बाहेरच्या सदस्याला नाही. माझा आक्षेप असा होता की शब्द सौम्य केल्याने प्रश्न सुटत नाही, तो फक्त पुढे ढकलला जातो. श्रोत्यांपैकी कुणीतरी विलंबाबद्दल विचारणारच, आणि तेव्हा उत्तर तिला एकटीला द्यावे लागेल.

दुसरा पर्याय होता प्रयोग थांबवून, प्रकाश आणि अणू यांचा परस्परपरिणाम सांगणाऱ्या मॅक्सवेल-ब्लोख समीकरणांचे संगणकीय अनुकरण करण्याचा. अनेक संक्रमणे आणि शलाकेचा आडवा छेद लक्षात घेऊन विलंब किती उरतो, हे त्यातून कळले असते. हा अभ्यास उपयोगाचा होता, पण महिने घेणारा होता. त्याचा आणखी एक दोष होता: अनुकरणात आपण जे घालतो तेच बाहेर येते, आणि टेबलावर नेमके काय चालले आहे हे कळलेले नसताना त्यात काय घालायचे हेही ठरत नाही.

तिसरा पर्याय रेषा बदलण्याचा, आणि भौतिकीच्या दृष्टीने तो सर्वांत देखणा होता. ७९५ नॅनोमीटरच्या डी-१ रेषेवर, शुद्ध रुबिडियम-८७ घेऊन, मूळ पातळीच्या एफ बरोबर १ (एफ हा अतिसूक्ष्म शाखेचा क्रमांक) या शाखेतून उत्तेजित पातळीच्या एफ बरोबर १ याच शाखेत जाणारे संक्रमण निवडले आणि प्रकाश रेषीय ध्रुवणाचा ठेवला, तर एक सुंदर योग जुळून येतो. निवडनियमानुसार शून्य चुंबकीय उपपातळीवरून संक्रमण होतच नाही, आणि उरलेल्या अधिक एक व उणे एक या दोन उपपातळ्यांचे द्विध्रुव आघूर्ण समान असते. म्हणजे प्रकाशाशी जोडल्या गेलेल्या सर्व अणूंसाठी स्पंदाचे क्षेत्रफळ एकच येते, तेही मोठ्या चुंबकाशिवाय. शेजारचे संक्रमण सुमारे ८१४ मेगाहर्ट्झ दूर असते. ते पुरेसे दूर म्हणता येणार नाही, पण डी-२ च्या गर्दीपेक्षा पुष्कळच बरे. अडचणी दोन होत्या. हे संक्रमण दुर्बळ असल्याने ३६० अंशांसाठी त्याच शलाकेत सुमारे ३० मिलिवॅट शिखरशक्ती लागणार होती आणि नळीही बरीच जास्त तापवावी लागणार होती. दुसरे म्हणजे ७९५ नॅनोमीटरचा लेझर, प्रवर्धक आणि समस्थानिकाने समृद्ध नळी यांपैकी काहीच प्रयोगशाळेत नव्हते.

चौथा पर्याय सर्वांत रूक्ष होता: काहीही नवे न घेता आहे त्या मांडणीतली पारदर्शकता नेमकी कुठून येते, ते आधी शोधायचे. विद्यार्थिनीने हाच पर्याय निवडला, आणि सारांश त्या वर्षी न पाठवण्याचा निर्णयही तिनेच मार्गदर्शकांपुढे मांडला. "सर, विलंबाचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि तोच प्रश्न सगळे आधी विचारतील," असे ती म्हणाली. मार्गदर्शकांनी ते मान्य केले. प्रकरणातला हा दुसरा निर्णायक टप्पा.

केलेली कृती

सुगावा लागला तो नोंदवहीत. पारगमतेची सर्व जुनी मोजमापे तारखेनुसार एकाखाली एक लिहिल्यावर विद्यार्थिनीच्या लक्षात आले की सर्वाधिक पारदर्शकता बहुतेक वेळा शुक्रवारी मिळालेली आहे. पुण्यात देखभालीसाठी वीज बंद राहते ती बहुधा गुरुवारी. त्या परिसरातही तसेच होते. जनरेटरवर लेझर आणि संगणक चालत, वातानुकूलन चालत नसे, आणि एप्रिलच्या उन्हात खोली संध्याकाळपर्यंत चांगलीच तापत असे. शुक्रवारी सकाळी यंत्रणा सुरू होई तेव्हा टेबलावरची उपकरणे अजून आपल्या नेहमीच्या तापमानाला आलेली नसत.

तापमानाने या मांडणीत सर्वांत जास्त बिघडणारी वस्तू म्हणजे लिथियम नायोबेटचा मॉड्युलेटर. त्याच्या आत प्रकाश दोन वाटांनी विभागला जातो आणि पुन्हा एकत्र येतो. दोन्ही वाटांतला कलाभेद एका स्थिर विद्युतदाबाने, म्हणजे बायसने, असा जुळवलेला असतो की स्पंद नसताना दोन्ही वाटांचा प्रकाश एकमेकांना पूर्ण मिटवतो. तापमान सरकले की हा समतोल सरकतो आणि बंद अवस्थेतही थोडा प्रकाश झिरपू लागतो.

यानंतर झालेली तपासणी मी स्वतः पाहिली. खोलीतले दिवे मालवले, नळीच्या अलीकडे, एनडी फिल्टर न लावता, शक्तिमापक ठेवला, आणि विद्यार्थिनीने पल्स जनरेटरची केबल काढून बाजूला ठेवली. आता मॉड्युलेटर कायमचा बंद होता, म्हणून मापकावर शून्य दिसायला हवे होते. आकडा ४० मायक्रोवॅटवर स्थिरावला. तंत्रज्ञ काकांनी मॉड्युलेटरच्या धातूच्या पेटीवर हाताचा तळवा टेकवून ठेवला, तसा आकडा हळूहळू वर सरकू लागला आणि हात काढल्यावर काही वेळाने परत खाली आला. त्यानंतर कुणाला काही विचारावे लागले नाही.

४ मिलिवॅटच्या स्पंदापुढे ४० मायक्रोवॅट म्हणजे शंभरास एक. हे प्रमाण किरकोळ वाटते, पण स्पंद २ नॅनोसेकंद टिकतो आणि झिरप अखंड चालू असतो. ४० मायक्रोवॅट म्हणजे सेकंदाला दीडशे लाख कोटींच्या आसपास फोटॉन. ४० अंश तापमानाला त्या बारीक शलाकेत दर सेकंदाला बाजूने शिरणारे, लेझरशी अनुनाद साधणारे अणू याच श्रेणीत मोजले जातात, आणि एका अणूला दुसऱ्या शाखेत ढकलायला दोन-तीन फोटॉन पुरतात. स्पंद येण्याआधीच वाटेतले बरेचसे अणू झिरपत्या प्रकाशाने बाजूला सारले जात होते आणि स्पंद अर्ध्या रिकाम्या नळीतून जात होता. अणूच नाहीत तर ऊर्जा काही काळ कुणाकडे राहणार आणि विलंब कशाचा होणार?

यातून जुन्या सगळ्या विसंगती एकेक करून उलगडल्या. एनडी फिल्टर मॉड्युलेटरच्या पुढे होता, म्हणून स्पंद क्षीण केला की झिरपही तितक्याच प्रमाणात क्षीण होई, आणि स्पंद वाढवला की झिरपही वाढे. गुळगुळीत चढणारा आलेख स्पंदाच्या शक्तीचा नव्हता, झिरपीच्या शक्तीचा होता. पुनरावृत्ती दहापट कमी केली तरी झिरप तसाच चालू राहिला, म्हणून ती चाचणी पंपिंगला निर्दोष ठरवून गेली. आणि हा अखंड प्रकाश ऑसिलोस्कोपवर कधीच दिसला नाही, कारण शोधकाची जोडणी स्थिर घटक वगळणारी, म्हणजे एसी प्रकारची होती. जलद फोटोडायोडवर अशी जोडणी सर्रास असते. पडद्यावर प्रत्येक स्पंद स्वच्छ शून्यावरून उठताना दिसे.

दुरुस्ती दोन पातळ्यांवर झाली. मॉड्युलेटरच्या बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा एक अंश सतत मोजून बायस आपोआप जुळवणारे एक साधे मंडल तंत्रज्ञांनी बुधवार पेठेतून सुटे भाग आणून बनवले. त्याशिवाय मॉड्युलेटरच्या पुढे ध्वनिलहरींनी प्रकाश वळवणारा ध्वनि-प्रकाशीय मॉड्युलेटर द्वारासारखा बसवला. तो स्पंदाच्या जेमतेम १०० नॅनोसेकंद आधी उघडत असे आणि स्पंद गेल्यावर बंद होत असे. तेवढ्या अवधीत झिरपलेल्या फोटॉनांची संख्या वाटेतल्या अणूंच्या तुलनेत नगण्य राहते. शोधकाशेजारी स्थिर घटक दाखवणारा दुसरा, मंद फोटोडायोड कायमचा लावला गेला.

द्वार बसवल्यावर त्याच डी-२ रेषेवर सर्वाधिक पारगमता ६५ वरून ४० टक्क्यांच्या आसपास उतरली. आलेख पूर्वीपेक्षा कमी आकर्षक झाला. पण बाहेर आलेला स्पंद या वेळी सुमारे १ नॅनोसेकंद उशिरा आणि पसरलेला येत होता, आणि समितीतल्या माझ्यासारख्या माणसाला त्या उतरलेल्या आलेखाने पूर्वीच्या आलेखापेक्षा कितीतरी अधिक समाधान दिले.

यानंतर तिसरा पर्याय पुन्हा पुढे आला. शेजारच्या प्रयोगशाळेतील मॅडमनी ७९५ नॅनोमीटरचा लेझर, एक प्रवर्धक आणि रुबिडियम-८७ ची नळी काही आठवड्यांसाठी देऊ केली. नळीभोवतीची तापकपेटी भोसरीच्या एका कार्यशाळेतून करून घेतली, कारण ७५ अंशांवर नळीच्या खिडक्या मधल्या भागापेक्षा थोड्या अधिक गरम राहिल्या नाहीत तर रुबिडियम नेमके खिडक्यांवरच जमते. नळीच्या ज्या टोकातून प्रकाश बाहेर पडतो त्या टोकाची प्रतिमा एका सूक्ष्म छिद्रावर पाडून शलाकेचा फक्त मध्यभाग शोधकापर्यंत जाऊ दिला. कडेच्या अपुऱ्या क्षेत्रफळाचा गोंधळ त्यामुळे मोजमापातून गेला.

या मांडणीवर विद्यार्थिनीने जी चाचणी आखली ती मला संपूर्ण प्रबंधातली सर्वांत चांगली वाटते. संपृक्तता स्पंदाच्या ऊर्जेवर ठरते, स्वप्रेरित पारदर्शकता क्षेत्रफळावर. आकार तोच ठेवून ऊर्जा न बदलता स्पंद दुप्पट लांब केला, तर संपृक्ततेला काही फरक पडू नये, क्षेत्रफळ मात्र दोनच्या वर्गमुळाइतक्या पटीने वाढते. तिने ऊर्जा अशी निवडली की २ नॅनोसेकंदांच्या स्पंदाचे क्षेत्रफळ १६२ अंश, म्हणजे उंबरठ्याच्या किंचित खाली यावे. तीच ऊर्जा ४ नॅनोसेकंदांत पसरली की क्षेत्रफळ २२९ अंश, म्हणजे उंबरठ्याच्या वर. शोषणाचा घातांक ६ असलेल्या नळीत प्रमेयानुसार पहिल्याचे क्षेत्रफळ ३५ अंशांपर्यंत कोसळायला हवे आणि दुसऱ्याचे ३४८ अंशांपर्यंत चढायला हवे.

निष्पत्ती

तसेच झाले, अर्थात प्रमेयाइतके धारदार नाही. आखूड स्पंद बहुतांशी गिळला गेला. तेवढीच ऊर्जा असलेला लांब स्पंद आपल्या मोठ्या हिश्शासह पार आला, स्पष्ट विलंबाने आला, आणि आत जाताना चपटा असलेला त्याचा माथा बाहेर येताना टोकदार झाला होता. कमी शक्तीचा, जास्त लांबीचा प्रकाश अधिक सहज पार जातो, हे निरीक्षण साध्या संपृक्ततेतून निघत नाही. पंपिंगची शक्यता द्वाराने आणि स्थिर घटकाच्या नोंदीने आधीच बाजूला काढली होती. पारगमतेच्या आलेखात या वेळी १८० अंशांच्या जवळ वळणही दिसले.

एक गोष्ट मिळाली नाही. ७२० अंशांच्या आसपासचा स्पंद माध्यमात दोन ३६० अंशांच्या स्पंदांत फुटतो, हे या परिणामाचे सर्वांत ठळक लक्षण. त्यासाठी ३६० अंशांच्या चौपट शक्ती, म्हणजे सुमारे १२० मिलिवॅट हवी होती. उसन्या प्रवर्धकातून, द्वारातून आणि फायबरमधून सगळी गळती होऊन नळीपर्यंत पोहोचणारी शक्ती ५४० अंशांच्याही आतच थांबली. उपकरणे परत करण्याची वेळ आली तेव्हा स्पंद फुटण्याचा प्रयोग राहून गेला होता, आणि प्रबंधात तो राहिला असे स्पष्ट लिहिले आहे.

परिसंवादात विद्यार्थिनीने पुढच्या वर्षी भाग घेतला. शिष्यवृत्तीच्या मुदतवाढीसाठी मार्गदर्शकांना दोनदा पत्रे लिहावी लागली. मंजुरी उशिरा आली, आणि त्या मधल्या काळाचा आर्थिक ताण तिच्या घरच्यांनी सोसला, हेही या प्रकरणाच्या हिशेबात धरले पाहिजे.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत स्वस्त उपाय पहिल्या दिवसापासून टेबलावर होता. स्पंदाची शक्ती एनडी फिल्टरने न बदलता मॉड्युलेटरला जाणाऱ्या विद्युतस्पंदाची उंची बदलून कमी-जास्त केली असती, तर झिरप कायम राहिला असता आणि फक्त स्पंद बदलला असता. तेव्हा अगदी क्षीण स्पंदही मोठ्या प्रमाणात पार गेला असता. क्षीण स्पंद बीअरचा नियम पाळत नाही हे दिसल्यावर, माध्यमात आधीच काही तरी बिघडले आहे, हे समजायला फार वेळ लागला नसता. ज्या राशीचा परिणाम तपासायचा आहे ती बदलताना तिच्यासोबत आणखी काय बदलते, हा प्रश्न एनडी फिल्टर हातात घेतानाच विचारायला हवा होता. फिल्टर इतका परिचित असतो की तो विचारला जात नाही.

विलंबाची नोंद आधीपासून घेतलेली होती, ती पाहिली गेली नव्हती. मोजमापांचा क्रम ऊर्जेपासून सुरू न करता विलंबापासून सुरू केला असता, म्हणजे आधी अनुनादाबाहेरचा आणि अनुनादावरचा स्पंद एकावर एक ठेवून मगच पारगमतेचा आलेख काढला असता, तर सारांशाचा मसुदा तयारच झाला नसता. नियंत्रक शलाका लावून मिळवलेल्या विद्युतचुंबकीय प्रेरित पारदर्शकतेच्या प्रयोगांत, उदाहरणार्थ १९९९ मध्ये लेने हाऊ यांच्या गटाने सोडियमच्या अतिशीत अणूंत प्रकाशाचा वेग सेकंदाला १७ मीटरपर्यंत उतरवला तेव्हाही, खरी मोजणी विलंबाचीच होती. दोन्ही परिणामांची यंत्रणा वेगळी आहे, तरी हा धडा दोन्हीकडे लागू पडतो.

पुनरावृत्तीच्या चाचणीबद्दल मार्गदर्शकांचे आणि माझे मत अजूनही थोडे वेगळे आहे. त्यांच्या मते ती चाचणी करणे आणि तिच्यावर विश्वास ठेवणे त्या वेळी उपलब्ध असलेल्या माहितीत योग्यच होते. मला वाटते, वहीत पंपिंग नाही असे लिहिण्याऐवजी एका स्पंदाचा परिणाम पुढच्यावर होत नाही, एवढेच लिहिले असते तर पंपिंगचा प्रश्न उघडा राहिला असता. नकारार्थी निष्कर्ष चाचणीने जेवढे दाखवले तेवढ्याच रुंदीचा लिहावा, असा आग्रह मी आता प्रत्येक समितीत धरतो.

डी-२ रेषेवरच्या, द्वार बसवण्यापूर्वीच्या मोजमापांचे काय करायचे, यावर शेवटची चर्चा झाली. ती वगळावीत असे एका परीक्षकांचे मत होते. विद्यार्थिनीने ती वगळली नाहीत. दोन्ही आलेख, ६५ टक्क्यांचा आणि ४० टक्क्यांचा, एकाच पानावर एकाच अक्षांवर छापले, खाली झिरपीची शक्ती लिहिली, आणि त्या पानापुढे मॉड्युलेटरचे तापमान व झिरप यांचे आठवडाभराचे मोजमाप जोडले. त्या प्रयोगशाळेत नवीन येणाऱ्या विद्यार्थ्यांना आता मॉड्युलेटर वापरण्याआधी तेवढी पाने वाचायला दिली जातात, आणि मंद फोटोडायोड टेबलावरून कुणी काढत नाही.